लेसिएलीचे सुजलेले पाय

रविवारी चर्चची पहिली घंटा झाली तेव्हा लेसिएली पलंगाच्या काठावर बसून डावं पाऊल काळ्या बुटात कोंबत होती. पाऊल जाईना. टाचेला खोबरेल चोळून पाहिलं, मागून चमचा घालून पाहिला, उभं राहून सगळा भार टाकून पाहिला. उजव्याचीही तीच गत. दुसरी घंटा झाली तशी तिनं बूट पलंगाखाली ढकलले, रबरी चपला चढवल्या आणि घागऱ्यावरून गुंडाळायची कमरेची चटई नेहमीपेक्षा वीतभर खाली बांधली. पावलं कुणाच्या नजरेला पडायला नकोत.

सून लुसेआने दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं, पण सासूच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. चर्चहून आल्यावर जरा आडव्या व्हा, एवढंच ती म्हणाली. लेसिएलीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीनं शवपेटीचं माप घ्यायची गोष्ट काढली होती.

दक्षिण समुद्रातल्या वावाऊ बेटावरच्या त्या गावात लेसिएलीला नावानं हाक मारणारे थोडेच. बाकी सगळे तिला कीऊ म्हणत. ओहोटीच्या वाळूवर तुरुतुरु पळणारा, एका जागी दोन क्षण न ठरणारा पक्षी असतो, तो कीऊ. लेसिएलीच्या पायाला लहानपणापासून भिंगरी. दुसऱ्या गावी निरोप द्यायचा असला की मोठी माणसं हाक मारायच्या आधीच ती निघालेली असे. मोसेसेशी लग्न झालं. तो मासेमारी करणारा, अबोल माणूस, तासन्‌तास होडीत गळ धरून बसणारा. ती त्याला वाढायची आणि स्वतः चुलीपाशी उभ्याउभ्याच जेवायची. बस की गं घटकाभर, असं तो आयुष्यभर म्हणत राहिला आणि एक दिवस गेला. तो गेल्यावर तर तिला घर खायला उठलं. चर्चचं जेवण असो, कुणाची मयत असो, जमिनीतली भट्टी पेटवण्यापासून अळूच्या पानांत खारं मांस आणि नारळाचं दूध बांधण्यापर्यंत ती दिवसभर उभी. गावातल्या बायका ओंडक्याभोवती बसून झाडाच्या सालीचं कापड कुटायच्या, तेव्हाही ती बसायचं काम टाळून साल भिजवायचं, रंग उकळायचं, ओझी वाहायचं काम अंगावर घ्यायची.

लोकांना हा तिचा स्वभाव वाटे. पण त्याच्या मुळाशी भीती होती, आणि ती भीती तिच्या आईची होती.

लेसिएली कोवळ्या वयाची असताना तिच्या आईचे पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पिंढऱ्या, मग गुडघ्यापर्यंत. पावलं नीरफणसासारखी फुगली, कातडी ताणून चकचकीत झाली. मग आईला आडवं होता येईना, श्वास कोंडायचा. तिला लाकडी खुर्चीत बसवलं, उशा लावल्या, आणि ती दिवसरात्र तिथंच राहिली. लेसिएली तिचे पाय धुवायची. अंगठा दाबला की पायात खळगा पडायचा आणि तो भरून येण्याची वाट पाहत ती पोर तशीच उकिडवी बसून राहायची. खळगे हळूहळू जास्त खोल पडू लागले. हॉस्पिटल तेव्हा दूर होतं आणि नेऊ नेऊ म्हणता कुणी नेलं नाही. आई त्या खुर्चीतच गेली. मयतीला आलेली एक म्हातारी म्हणाली, बाई बसली ती उठलीच नाही. एवढंच वाक्य लेसिएलीच्या मनात रुतून बसलं. आजार काय होता ते तिला कुणी सांगितलं नाही. तिनं आपलं आपण ठरवलं, की जो बसतो तो संपतो.

म्हणून त्या रविवारी दुपारी सगळे जेवून झोपलेले असताना ती न्हाणीघरामागे गेली, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. ती उठली आणि कारण नसताना विहिरीपर्यंत जाऊन आली.

उन्हाळ्याचे दिवस होते, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटायची, आणि त्या दिवसांत थोडेफार पाय सगळ्यांचेच भरून येतात. पहिले काही आठवडे ती उन्हावरच ढकलत राहिली. सकाळी सूज उतरायची, संध्याकाळी चढायची. मग सकाळीही उतरेनाशी झाली. मोजे काढल्यावर राहतो तसा चपलेच्या पट्ट्याचा वळ पावलावर दिवसभर राहू लागला. गावाला सुगावा लागलाच. शेजारीण म्हणाली, भट्टीपाशी उभं राहून राहून रक्त खाली उतरलंय. कुणी म्हणालं, पूर्वी हत्तीपाय यायचा तसला काही प्रकार नसेल ना. लुसेआनेनं बादलीतल्या खारवलेल्या मांसाकडे बोट दाखवलं. लेसिएलीनं नोनीच्या झाडाची पानं शेकून बांधली, संध्याकाळी कुणी नसताना समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी राहिली, आणि काम दुप्पट केलं. ऑकलंडला भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी सालीचं कापड न्यायचं होतं. गुडघेही कुरकुरत होते. पण गुडघ्यांवर तिच्याकडे तोडगा होता. मुलगा हेआमासी ऑकलंडहून सामानाचं पिंप पाठवायचा, त्यात साबण, टॉवेल, डबाबंद मासे यांच्याबरोबर दुखण्याच्या गोळ्यांची मोठी बाटली असायची. सकाळी दोन, दुपारी दोन, आणि अंथरुणाला टेकायच्या आधी दोन. कुरकुर थांबली, की झालं काम.

कापड कुटायच्या शेडमध्ये एके दिवशी आत्या आली.

पिसिलाआत्या म्हणजे लेसिएलीच्या वडिलांची थोरली बहीण. तिकडे आत्याचा मान असा, की बापसुद्धा बहिणीपुढे खालच्या आवाजात बोलतो. मयतीत, लग्नात तिची चटई सर्वांच्या पुढे, आणि तिच्या शब्दावर शब्द नाही. ऐंशीच्या पुढची, अंगानं भरदार, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिला चालत जायची कधी गरज पडत नसे. ती बसायची आणि जग तिच्याकडे यायचं. ती ओंडक्यापाशी बसली, सगळ्या बायकांना एकदा नजरेखालून घातलं आणि म्हणाली,

“लेसी, इकडे ये. घागरा वर कर.”

लेसिएलीनं केला. नाही म्हणायची सोयच नव्हती. कुटण्याचा ठोका थांबला. आत्यानं बराच वेळ पाहिलं, हात लावला नाही.

“कधीपासून?”

“उन्हानं होतंय आत्या. जाईल.”

“मी कधीपासून विचारलं, कशानं नाही विचारलं. कशानं ते मला कळलं.”

आणि मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. लेसिएलीच्या आईच्या कबरीशेजारी सुरूचं झाड आहे, ते आता केवढं वाढलंय. त्याची मुळं खाली गेली आहेत. मुळानं आईच्या पायाची हाडं धरली असणार, आणि आई लेकीच्या पायांतून हाक मारते आहे. कबर उघडायला हवी.

यात नवल वाटण्यासारखं कुणाला काही नव्हतं. डोकं दुखायचं थांबेना म्हणून कबर उघडली आणि कवटीतून मूळ निघालं, अशा गोष्टी त्या बेटावर प्रत्येक घरात आहेत. पण लेसिएलीचा जीव त्या रात्री थाऱ्यावर राहिला नाही. आता आईला पुन्हा पाहावं लागणार होतं. तिला ते पाय पाहायचे नव्हते. अंधार सरत असतानाच तिनं अंगण झाडलं, झाडलेलंच पुन्हा झाडलं.

शनिवारी उजाडताना घरचे पुरुष फावडी घेऊन गेले. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. पांढऱ्या वाळूचा ढीग, त्यावरची प्लास्टिकची फुलं, मागे आठवणीखातर बांधलेली रजई, सगळं बाजूला काढलं. पुरुष खोदत होते आणि शेवटी शेवटी तर हातांनीच वाळू उपसत होते. आत्या चटईवर बसून होती. लेसिएली येरझारा घालत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, मिळालं.

मूळ होतं. बोटाएवढं जाड, नडगीच्या हाडाशेजारून खाली गेलेलं. आत्यानं मान हलवली, आश्चर्य नाही की आनंद नाही. मूळ छाटलं. मग बायकांनी हाडं एकेक करून वर घेतली, सुगंधी खोबरेलानं पुसली, नव्या कापडावर मांडली. पावलांची हाडं लेसिएलीच्या हातात आली.

तिला वाटलं होतं, काहीतरी मोठं, जड, भयंकर असेल. ती हाडं तिच्या तळहातात मावली. काडीसारखी बारीक, पाखराच्या पायांची असावीत अशी हलकी. आईचे पाय असे होते. मुळात असे होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती ज्या फुगलेल्या पावलांना भीत आली ती आईची नव्हतीच, आजाराची होती. आजार पाण्यासारखा आला होता आणि पाण्यासारखा वाळूत गेला होता. ती तेल लावत राहिली. लुसेआनेनं पाहिलं की सासू बसली आहे, वाळूत पाय दुमडून, आणि उठायचं नाव घेत नाही.

त्यानंतर दोन दिवस तिला हलकं वाटलं, सूजही थोडी ओसरली. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. मग लग्नाच्या कापडाचं काम पुन्हा सुरू झालं आणि पाय परत भरले. आत्याकडे जाऊन हे सांगायची कुणाची छाती नव्हती. पण लेसिएलीच्या मनात काहीतरी सरकलं होतं. तिनं सुनेला सांगितलं की उद्या दवाखान्यात जाऊन येऊ, आणि उद्या म्हणता म्हणता त्याच दुपारी रस्त्याला लागली.

आरोग्य केंद्रातली नर्स कालोलाइने नात्यातलीच, लेसिएलीला मावशी म्हणणारी. तिनं आधी पायांकडे पाहिलंच नाही, प्रश्न विचारत सुटली. दोन्ही पाय सुजतात की एकच? आडवं झाल्यावर दम लागतो का? उशा किती लागतात? झोपेतून श्वासासाठी उठून बसावं लागतं का? लघवी कमी झाली का? प्रत्येक प्रश्नाला लेसिएलीच्या डोळ्यांपुढे ती लाकडी खुर्ची येत होती. नाही, ती म्हणाली, एकच उशी. नाही, दम नाही. मग नर्सनं पाय दाबून पाहिले, घोट्याजवळची काळपट पडलेली कातडी आणि पिंढरीवरच्या वळ्यावळ्यांच्या निळ्या शिरा पाहिल्या, रक्तदाब घेतला, लघवी तपासली. रक्तदाब वाढलेला होता.

“औषधं काय घेतेस मावशी?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“मी काय आजारी आहे का?”

लुसेआने खाकरली. सासूकडे न पाहता तिनं पिंपातल्या बाटलीची गोष्ट सांगितली. लेसिएली चिडली. ते औषध नव्हे, ते गुडघ्यासाठी. मुलानं पाठवलेलं. साबणाबरोबर आलेलं. नर्स हसली नाही. तिनं समजावून सांगितलं की त्या गोळ्या वेदना मारतात, पण रोज आणि एवढ्या घेतल्या तर मूत्रपिंडं मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतात, रक्तदाबही चढतो. वर बादलीतलं खारं मांस, पाकिटातल्या शेवया. मीठ जाईल तिथं पाणी जाणार. आणि पायांच्या शिरांमध्ये रक्त वर चढवणाऱ्या झडपा असतात, त्या वर्षानुवर्षं उभं राहून सैल पडल्या आहेत, म्हणून पाणी घोट्यात साचतं. कारण एक नव्हे, तीन मिळून हे झालं आहे.

“आणि हृदय?” लेसिएलीनं विचारलं. हाच प्रश्न घेऊन ती आली होती. नर्सनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. खात्रीनं सांगता येत नाही, ती म्हणाली. राजधानीहून हृदयाचे डॉक्टर यंत्र घेऊन येतात, तेव्हा तुझं नाव लावते. तोवर रक्त तपासायला पाठवू, गोळ्या बंद करू, मीठ बंद करू, घट्ट पायमोजे देते, सकाळी उठण्याआधी चढवायचे. रोज चालायचं.

“चालायचं?” लेसिएलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“चालायचं. पिंढरीचा स्नायू हलला की रक्त वर ढकललं जातं. उभं राहणं वाईट, चालणं चांगलं. आणि दिवसातून तीन-चार वेळा आडवं होऊन पाय छातीपेक्षा वर ठेवायचे.”

पहिली गोष्ट ऐकून तिचा चेहरा उजळला होता तो दुसरीनं उतरला. जाताना नर्सनं आणखी एक बजावलं. एकाच पायाची सूज अचानक आली, पिंढरी दुखली, गरम लागली, तर चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, थेट हॉस्पिटल. छातीत कळ आली किंवा दम लागला तर त्याहून घाई.

गोळ्या सोडल्या तशी सूज बरीच उतरली. गुडघे मात्र बोंबलू लागले, त्यांना ती गरम पाण्याच्या पिशवीनं गप्प करायची. खाऱ्या मांसाशिवाय अळूची पानं तिला गवतासारखी लागत. पायमोजे म्हणजे तर शिक्षा, त्या उकाड्यात ते चढवताना सासू-सुनेची रोज झटापट व्हायची आणि दोघी घामाघूम व्हायच्या. हे सगळं तिनं सोसलं. तिला सोसवत नव्हतं ते पाय वर करून पडणं.

एक तर तिचा जीव राहायचा नाही. छपराकडे पाहत पडली की मनात हजार गोष्टी यायच्या. भट्टीची लाकडं, भिजत घातलेली साल, हृदयाचा डॉक्टर कधी येणार, आला आणि काय बोलणार. पायाची बोटं उशीवर आपोआप चाळा करायची. दुसरं, त्या घराला दोनच खोल्या आणि दार सदा उघडं. कुणीही येणार. येणाऱ्याकडे तळवे करून पडायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. बाई कशी बसते यावरून तिचं घराणं ओळखलं जातं तिकडे, पाय एका बाजूला दुमडून, झाकून. एकदा पाद्रीबुवा दारात आले आणि लेसिएली इतक्या घाईनं उठली की उशांसकट खाली पडली. शेवटी लुसेआनेनं पलंग फिरवून पाय भिंतीकडे केले आणि मध्ये एक जुनी रजई पडद्यासारखी टांगली. तिच्यामागे पडल्यापडल्या लेसिएली सुनेला स्वयंपाकाच्या सूचना देत राहायची. लुसेआनेला ती चालतीफिरती असताना बरी वाटत होती.

दरम्यान आत्या ऑकलंडला लग्नाला गेली. तिच्याशिवाय लग्न होतंच कसं? तिथं तिला सर्वांच्या पुढे बसवलं, सालीच्या कापडांचे गठ्ठे तिच्यापुढे ठेवले, आणि दिवसच्या दिवस ती मानानं बसून राहिली. मग विमानात बसली, राजधानीत दुसऱ्या विमानासाठी बसली, आणि वावाऊला उतरली ती थेट नातेवाइकांच्या गराड्यात बसली.

रविवारी चर्चनंतर सगळे आत्याच्या घरी जेवायला होते. आत्या चटईवर, पाठीला उशी, घागरा पावलांवर पसरलेला. ती जेवली नाही फारशी. लेसिएली वाढत होती, त्यामुळे तिला दिसलं की आत्या सारखी डावीकडून उजवीकडे भार बदलते आहे. ती जिथं बसते तिथं शिळेसारखी बसते, हे सगळ्यांना ठाऊक. लेसिएलीनं विचारलं, काही होतंय का. आत्या म्हणाली, विमानानं पाय आखडलाय, तेल लावून चोळलं की मोकळा होईल. लुसेआने लगेच तेलाची बाटली आणायला उठली.

“कोणता पाय?” लेसिएलीनं विचारलं.

“डावा. का?”

“एकच?”

असल्या प्रश्नांची आत्याला सवय नव्हती. लुसेआने बाटली उघडून गुडघ्यावर बसली होती. आणि लेसिएलीनं असं काही केलं, जे त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. तिनं सुनेचा हात बाजूला सारला, आत्यापुढे बसली आणि न विचारता तिचा घागरा गुडघ्यापर्यंत वर केला.

जेवणारे हात थांबले. आत्याचा चेहरा दगडासारखा झाला.

“सोड,” ती म्हणाली.

लेसिएलीनं सोडला नाही. उजवा पाय होता तसा, सुरकुतलेला. डावी पिंढरी दीडपट, तांबूस, ताणलेली. तिनं हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श केला. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी ऊब होती. आत्यानं दात आवळले.

“आत्या, श्वास घेताना कुठं दुखतंय का?”

“तू मला जाब विचारतेस?”

“विचारतेय. सांगा.”

आत्यानं छातीच्या बाजूला हात ठेवला. मग म्हणाली, बरगडीत, सकाळपासून, थोडं. आणि तिच्या आवाजात पहिल्यांदा वय आलं.

मग लेसिएली उठली. रविवारी त्या गावात होडी हलत नाही, झाडाचं फळसुद्धा कुणी तोडत नाही, पण तिनं पाद्रीबुवांची गाडी मागितली नाही, चावी मागितली. कुणीतरी म्हणालं, आधी थोडं चोळून पाहू, उद्या जाऊ. ती एवढंच म्हणाली, की माझ्या आईला नेऊ नेऊ म्हणत होतो. पुरुषांनी आत्याला चटईसकट उचललं. वाटेभर आत्याचा पाय लेसिएलीच्या मांडीवर, हालू न देता धरलेला.

पिंढरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा एक बारीक तुकडा फुप्फुसाकडे गेला होता. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात सुरू केली, नंतर काही महिने गोळ्या. चोळलं असतं तर मोठा तुकडा सुटला असता, असं ते म्हणाले. लांबचा प्रवास, सतत बसणं, वय. आत्यानं सगळं निर्विकार ऐकलं आणि विचारलं की मग बसायचं नाही तर करायचं काय. चालायचं, डॉक्टर म्हणाले. आत्याला ते अपमानासारखं वाटलं.

हॉस्पिटलात आत्या होती तोवर लेसिएली तिथंच राहिली. दोघी कधी एवढा वेळ एकट्या नव्हत्या. घागऱ्याबद्दल आत्या काही बोलली नाही, ना रागानं ना प्रेमानं. एका दुपारी मात्र तिनं भिंतीकडे पाहत सांगितलं, की लेसिएलीच्या आईला लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला होता, महिनाभर, आणि तेव्हा धर्मोपदेशकांच्या दवाखान्यातल्या बाईनं म्हटलं होतं की पोरीचं हृदय जपा. कुणी जपलं नाही. पोरीला काम होतं. हे तिला आधी का सांगितलं नाही, असं लेसिएलीनं विचारलं नाही. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, आत्याचं पांघरूण नीट केलं, पुन्हा खिडकीपाशी गेली.

“अगं, बस,” आत्या म्हणाली. “तुझ्याकडे बघून मला घेरी येते.”

हृदयाचे डॉक्टर पावसाळा संपताना आले. त्या सकाळी लेसिएली हॉस्पिटलच्या ओट्यावर चालत होती, बाकड्यावर रांगेत बसलेल्यांच्या पायांवरून नजर फिरवत. कुणाचे घोटे भरलेले, कुणाचे नाहीत. तिचा नंबर आला. तिला डाव्या कुशीवर झोपवून गार जेल लावलं आणि पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. ते हलत होतं, एक क्षण थांबत नव्हतं. डॉक्टर बाई तरुण होती, भारतीय वळणाची, फिजीची. तिनं सांगितलं की एक झडप किंचित गळते, पण या वयात अशी थोडी गळती पुष्कळांना असते. औषध नको, वर्षातून एकदा पाहू. पाय सुजतात ते शिरांमुळे आणि मिठामुळे, हृदयामुळे नव्हे. मूत्रपिंडंही ताळ्यावर येत आहेत. दुखण्याच्या गोळ्यांच्या वाटेला पुन्हा जाऊ नका.

लेसिएलीनं छाती पुसली, उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“माझी आई खुर्चीत बसून गेली,” ती म्हणाली. “श्वास कोंडून. पाय असे.” तिनं हातांनी दाखवलं. “लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला होता तिला. आज असती तर?”

डॉक्टरनं ताप किती वर्षांची असताना आला ते विचारलं, मग म्हणाली, “खात्रीनं नाही सांगता येणार. पण पाणी काढायची औषधं आहेत, झडप बदलता येते. आडवं झोपता आलं असतं त्यांना, एवढं नक्की.”

लेसिएलीनं मान हलवली. बाहेर लुसेआने विचारत होती काय झालं, काय म्हणाले. तिनं सांगितलं ठीक आहे, आणि चालू लागली. गाडी थांबलेली होती, तिच्यात ती बसली नाही. बंदराच्या उताराच्या रस्त्यानं, पायमोज्यांतल्या पायांनी, सून मागून हाका मारत असताना ती झपझप गेली. धक्क्यावर टोकापर्यंत गेल्यावर पुढे पाणीच होतं, म्हणून थांबली. डोळे पुसले. मग परत वळली, कारण घरी आत्याला फिरायला न्यायची वेळ झाली होती आणि आत्या रोजच्यासारखी आज नको म्हणणार होती.